भामाबाई आणि शहाण्णव यंत्रं

मे महिन्याच्या उन्हात एखादी बाई काखेत लोकरी स्वेटर मारून रोज सकाळी सव्वानऊला घराबाहेर पडत असेल, तर शेजाऱ्यांनी गप्प कसं बसायचं? हिमायतनगरच्या त्या तीन मजली बिल्डिंगीत गप्प बसणारं तसं कुणी नव्हतंही. दुसऱ्या मजल्यावरच्या त्रिवेणीबाईंचं ठाम मत होतं की तिसऱ्या मजल्यावरच्या भामाबाई बिरादार बर्फाच्या कारखान्यात कामाला लागल्या आहेत. तळमजल्यानं थेट मासळीच्या कोल्ड स्टोरेजपर्यंत मजल मारली. कुणीतरी शवागाराचंही नाव घेतलं होतं, पण ती बातमी दुपारच्या चहापर्यंत मागं घ्यावी लागली.

नवऱ्याला विचारावं, तर हणमंतराव बिरादार गॅलरीत पेपर उघडून बसलेले. बस डेपोत आयुष्य घालवलेला माणूस, सरळ उत्तर देईल तर शपथ! "कारखाना नक्को न् फिरखाना नक्को," ते पेपराआडून म्हणायचे, "गोठ्यावर जाती ती. शहाण्णव जनावरं हैत. शहाण्णव! अस्सल खानदान बघा."

हिमायतनगरात, दागिन्यांच्या दुकानांच्या मागं, शहाण्णव जनावरांचा गोठा! निदान शेणाचा वास तरी यायला हवा होता.

आता खरं काय ते सांगायचं, तर भामाबाईंची गोष्ट जरा मागून धरावी लागते.

भालकीजवळच्या एका खेड्यातली ही मुलगी. घरी तीन बैलजोड्या, आणि त्यातल्या प्रत्येक बैलाची खोड तिला तोंडपाठ. दहावी झाली, लग्न झालं, हैदराबादेत आली आणि सरकारी इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात सोल्डरिंगच्या टेबलाशी बसली, ती एकतीस वर्षांनीच उठली. केसाएवढी तार, तिला जोडणारा मोहरीएवढा डाग, आणि हात असा की शेजारी बॉम्ब फुटला तरी हलायचा नाही. निवृत्तीच्या दिवशी कारखान्यानं शाल दिली, नारळ दिला, भिंतीवरचं घड्याळ दिलं. पहिला महिना आनंदात गेला. पुढच्या दोन महिन्यांत बिल्डिंगीतला एकही मिक्सर, रिमोट की दारावरची बेल नादुरुस्त राहिली नाही. ज्या वस्तू चांगल्या चालत होत्या त्याही उघडून पाहिल्या गेल्या. त्यातल्या दोन पुन्हा चालल्या नाहीत, पण तो विषय त्रिवेणीबाईंसमोर काढायचा नसतो.

भामाबाईंचं दुखणं वेगळंच होतं. सकाळचे साडेनऊ वाजायचे आणि त्यांच्या लक्षात यायचं, की या एवढ्या मोठ्या शहरात या घटकेला आपली वाट बघणारं कुणी नाही. मुलगी सासरी, नवरा पेपरात. एकतीस वर्षं साडेनऊला कुणीतरी हजेरीपटात नाव शोधत होतं. आता साडेनऊ नुसतेच वाजत होते.

अशा एका दिवशी त्या कोठी भागातल्या गुजराती गल्लीत सोल्डरची तार घ्यायला गेल्या. दुकानात एक पुण्याकडची मुलगी मालकाशी हुज्जत घालत होती. तिला अंगठ्याएवढे प्लग हवे होते, कॉम्प्युटरच्या मागं खुपसायचे; आणि एक-दोन नव्हे, शहाण्णव. भामाबाईंनी न विचारता एक प्लग उचलला, पदराची सेफ्टी पिन काढून त्याचं टोपण उघडलं आणि आत डोकावून म्हणाल्या, "हे नको घेऊ पोरी. आतला डाग कच्चा हाय. महिन्यात सुटंल."

"पण काकू, मला आजच हवेत."

"मग घे. आन् माझ्याकडं आण. मी पक्के करून देते."

ती मुलगी म्हणजे ज्योती. तिचा नवरा उदय. दोघांनी पुण्यामुंबईच्या नोकऱ्या सोडून हैदराबादेत 'कापूस क्लाउड' नावाची कंपनी काढली होती. जागा पाहावी तर हिमायतनगरच्याच एका गल्लीत, बंद पडलेल्या साड्यांच्या दुकानात. पूर्वी जिथं काठपदराच्या साड्या रचलेल्या असायच्या, त्या फळ्यांच्या जागी लोखंडी मांडण्या, आणि त्यांवर मिठाईच्या खोक्याएवढी शहाण्णव यंत्रं. खोली अशी गार की चहा कपात ओतेपर्यंत निवायचा. तो स्वेटर, मंडळी, यासाठी होता.

शहाण्णव प्लग पक्के करायला भामाबाई तिथं गेल्या आणि चार दिवसांचं काम संपल्यावर पाचव्या दिवशीही गेल्या. कुणी जा म्हटलं नाही. महिनाअखेरीला ज्योतीनं पगाराचा विषय काढला तेव्हा कुठं भामाबाईंना कळलं, की आपण नोकरी करतोय.

तिथं चालायचं काय, हे उदयनं त्यांना पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. एका विशिष्ट जातीच्या फोनसाठी ॲप करायचं, तर ते त्याच कंपनीच्या कॉम्प्युटरवर बांधावं लागतं. दुसऱ्या कुठल्या यंत्रावर ते बांधताच येत नाही. ॲप लिहिणारा माणूस कुठंही बसू दे, सिकंदराबादेत की जर्मनीत. त्यानं लिहिलेलं इंटरनेटवरून इथं येतं, इथलं एखादं मोकळं यंत्र ते घेतं, जोडतं, तपासतं, त्यावर मालकाची सही उमटवतं आणि तयार ॲप परत पाठवतं. माणसं म्हणतात क्लाउडवर झालं.

"आन् हा प्लग कशापायी?"

"यंत्राला पडदा जोडलेला नसला, तर काही तपासण्या ते करतच नाही, काकू. हा प्लग लावला की त्याला वाटतं, पडदा आहे."

"म्हणजे खोटा पडदा."

"खोटा पडदा."

भामाबाईंना हे फार पटलं. त्यांच्या गावी वासरू दगावलेल्या गाईपुढं पेंढा भरलेलं वासरू ठेवत, मग ती पान्हा सोडायची. यंत्राची जात कुठलीही असो, फसवावं लागतंच.

खटका उडाला तो नावांवरून. यंत्रांना एक ते शहाण्णव असे नंबर होते. भामाबाईंनी दोन महिन्यांत त्यांना नावं ठेवली आणि कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून मांडणीच्या कडेला चिकटवली. पहिली चार, सगळ्यांत जुनी: हरण्या, बांड्या, मोऱ्या, कोशा. उदयनं त्या चिठ्ठ्या पाहिल्या आणि हसू दाबत म्हणाला, "काकू, आमच्या धंद्यात एक नियम आहे. यंत्रांना घरातलं लाडकं मांजर समजायचं नाही. गुरं समजायचं. गुरांना नाव नसतं, नंबर असतो. एक आजारी पडलं की बाजूला काढायचं, दुसरं उभं करायचं."

भामाबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "उदयसाब, तुमी गुरं कधी पाळली होती का हो?"

"नाही."

"तरीच. नाव नसलेलं जनावर मी तर बघितलं नाही. आन् आजारी पडलं की बाजूला काढतात? अय्यो! आजारी पडलं की आमचा बाप गोठ्यात जाऊन झोपायचा."

ज्योती इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. चिठ्ठ्या राहिल्या.

अशी तीन वर्षं गेली. साडेनऊला कुलूप उघडायचं, स्वेटर चढवायचा, शहाण्णव यंत्रांच्या पाठीवरून हात फिरवत जायचं. कुणाचा पंखा घरघरतोय, कुणाची वायर सैल आहे, कोण उगाच तापतंय, हे पडद्यावरच्या आलेखात यायच्या आधी भामाबाईंच्या तळव्याला कळायचं. आणि या श्रावणात, नागपंचमीच्या आसपास, उदय त्यांच्या टेबलाशी येऊन नको तितका हळू बोलला.

"काकू, लांबून बंद-चालू करता येणारे विजेचे प्लग मागवलेत. भाद्रपदात येतील. मग खोलीत रोज कुणी असायची गरज नाही. तुम्हालाही रोजचा त्रास नको."

त्रास! भामाबाई "बरं" म्हणाल्या. घरी येऊन त्यांनी हणमंतरावांना भाजीत मीठ दोनदा घातलेलं जेवायला लावलं, आणि हणमंतराव, ज्यांना एरवी मिठाचा एक कण जास्त झाला तरी भाषण सुचायचं, ते निमूट जेवले. हात धुताना एवढंच म्हणाले, "भादव्याला अजून टाइम हाय." भाद्रपदानंतर पुन्हा ते रिकामे साडेनऊ येणार होते, हे दोघांनाही कळत होतं.

श्रावण सरता सरता पोळा आला, शनिवारी. शनिवारी भामाबाईंचं काम एकपर्यंत. उदय-ज्योती घरीच होते. भामाबाईंच्या घरी पुरण शिजत होतं, गावाकडून भावाचा फोन येऊन गेला होता: बैलं धुतली, शिंगं रंगवली, आज खांद्यावर जू नाही. भामाबाई खोलीत उभ्या राहून पहिल्या मांडणीकडं बघत राहिल्या. हरण्या, बांड्या, मोऱ्या, कोशा. त्या आल्यापासून ही चार एक दिवसही बंद झालेली नव्हती. पडद्यावर पाहिलं, तर चारहींवर काम नव्हतं. शनिवारी दुपारी जर्मनीतलेही कुणी ॲप बांधत नसतात.

"वर्षातून एक रोज सुटी," भामाबाई स्वतःशी म्हणाल्या. "सोमवारी सकाळी लावते. कुणाला कळतंय?"

त्यांनी चारही यंत्रं रीतसर बंद केली, मागच्या वायरी काढल्या, कोरड्या फडक्यानं पुसून घेतली. हळदकुंकवाचं बोट लावलं ते मांडणीच्या लोखंडाला. यंत्राजवळ ओलं काही न्यायचं नाही, हे कारखान्यानं त्यांच्या हाडात मुरवलं होतं. उदयसाबला फोन करावा असं एकदा वाटलं. पण सांगायचं काय? पोळा आहे म्हणून कॉम्प्युटरला सुटी दिली? पुण्याचा माणूस. हसला असता. आणि महिन्याभरात घरी बसायचं ठरलेलंच, मग विचारायचं तरी कशाला, हीही एक बारीक अढी होती मनात, ते लपवण्यात अर्थ नाही.

कुलूप लावून त्या पुरण वाटायला गेल्या.

सोमवारी त्या नऊलाच निघाल्या, कुणी यायच्या आत यंत्रं लावून टाकायला. तर ऑफिसचं शटर आधीच वर. आत ज्योती फोन कानाला लावून येरझाऱ्या घालतेय, उदय टेबलावर दोन्ही हातांत डोकं धरून बसलाय, आणि मोठ्या पडद्यावर, जिथं एरवी शहाण्णव हिरवे ठिपके असायचे, तिथं सगळं लाल. शहाण्णवच्या शहाण्णव.

"काय झालं?" भामाबाईंनी दारातूनच विचारलं.

"सगळी बसली, काकू," उदय मान वर न करता म्हणाला. "एकही उठत नाही."

भामाबाईंची नजर यंत्रांच्या खोलीच्या दाराकडं गेली. एकतीस वर्षांची विद्या डोक्यात सरसरत आली. एका माळेत जोडलेले दिवे असतील आणि त्यातला एक काढला, तर अख्खी माळ विझते. आपण एक नाही, चार काढली. चार काढली आणि ब्याण्णव विझवली!

ज्योती फोनवर बोलत होती. पलीकडं त्यांची ग्राहक, सिकंदराबादची प्रियदर्शिनी होती. कमी ऐकू येणाऱ्या लहान मुलांसाठी कानातली यंत्रं करणाऱ्या कंपनीत ती कामाला. त्या यंत्राचा आवाज फोनवरच्या ॲपवरून लहानमोठा होतो. ज्योतीनं स्पीकर लावला तसा तिचा आवाज खोलीत आला. "ज्योती, काल फोनची नवी आवृत्ती आली आणि आमचं ॲप उघडलं की डाव्या कानाचा आवाज बंद होतोय. पोरं शाळेत बसलीयेत. दुरुस्ती लिहून तयार आहे गं, फक्त बांधून पाठवायची आहे. एक यंत्र दे. एकच!"

"तू दुसरीकडून भाड्यानं..."

"तिथं सगळी मांडामांड नव्यानं करायची. दोन दिवस जातील. आमची सहीची चावी तुमच्याच यंत्रांवर आहे."

भामाबाई हळूच मागं सरल्या आणि यंत्रांच्या खोलीत शिरल्या. हरण्याच्या वायरी होत्या तशा गुंडाळून ठेवलेल्या. त्यांनी एकेक वायर लावली. वीज आली. आता नुसतं बटण दाबायचं. माळ पुन्हा जुळेल, ठिपके हिरवे होतील, कुणाला काही कळायचं नाही. आणि सांगितलं तर? लांबून चालणारे प्लग का हवेत, याचा याहून चांगला पुरावा उदयसाबला कुठं मिळाला असता? म्हातारीच्या हातात खोली दिली आणि तिनं सण साजरा केला. प्लग यायचीही वाट बघायची नाही, आजच घरी.

बोट बटणावर होतं. बाहेर प्रियदर्शिनी अजून बोलत होती, पोरांच्या कानांबद्दल.

कारखान्यात एक रीत होती. डाग चुकला, तर तो तपासणीवाल्याला सापडण्याआधी आपणच हात वर करायचा आणि वहीत नाव लिहून सही करायची. एकतीस वर्षांत भामाबाईंनी अशा अकरा सह्या केल्या होत्या. लपवलेला डाग एकही नव्हता.

त्यांनी बोट काढलं आणि दारात येऊन उभ्या राहिल्या.

"उदयसाब, माझ्यामुळं झालं. शनिवारी पोळा होता. मी चार यंत्रं बंद करून ठेवली. कुणाला न विचारता. आत्ता लावते, थांबा."

उदयनं मान वर केली. "काय केलंत?"

"बंद केली. वायरी काढून. हरण्या, बांड्या..."

"काकू, नंबर सांगा, नंबर!" ज्योती ओरडली.

"एक, दोन, तीन, चार. हरण्याला वीज दिली, आता बटण दाबते आन्..."

"दाबू नका!" उदय असा उठला की खुर्ची उलटी पडली. "हात लावू नका! मागं व्हा!"

इतक्या वर्षांत त्यानं भामाबाईंशी कधी आवाज चढवला नव्हता. त्या भिंतीला टेकल्या. झालं, त्यांना वाटलं, संपली नोकरी. उदय धावत आत गेला, हरण्याची वायर ओढून काढली, यंत्र उचलून छातीशी धरलं आणि तसाच जमिनीवर बसला. मग हसायला लागला. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि नक्की काय चाललंय हे कुणालाच कळेना.

"अगो बाई, याला काय झालं?" भामाबाई ज्योतीला म्हणाल्या.

ज्योतीनं त्यांना खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं. शनिवारी तीन वाजता उदयनं घरी बसून सगळ्या यंत्रांना नवी प्रणाली चढवायचा हुकूम सोडला होता. शुक्रवारी एका यंत्रावर हातानं करून पाहिलं होतं, नीट झालं होतं. मग सगळ्यांवर एकदम. काम चालू असताना धोक्याची घंटा उगाच वाजत राहू नये, म्हणून तीही त्यानंच दोन दिवस बंद ठेवली होती. हुकुमात त्यानं स्वतः लिहिलेली एक ओळ नव्या प्रणालीला पचली नाही, आणि यंत्रं अर्ध्या वाटेत अडकून पडली, शुक्रवारचं पास झालेलंसुद्धा. चार यंत्रं उत्तर देत नाहीत, असं त्याला पडद्यावर दिसलंही होतं. तो म्हणाला, सोमवारी बघू.

"म्हणजे मी नाही बसवली?"

"नाही हो, काकू! ही चार तुम्ही वाचवलीत. पण तो हुकूम अजून जागा आहे. चालू केल्याबरोबर त्यानं यांनाही धरलं असतं. तुम्ही न सांगता बटण दाबलं असतं ना..." तिनं भामाबाईंच्या स्वेटरमध्ये तोंड खुपसलं.

उदयनं आधी तो हुकूम मारून टाकला. तीनदा तपासलं. मग म्हणाला, "काकू, आता तुम्हीच लावा."

भामाबाईंनी वायरी लावल्या, बटणं दाबली. चार हिरवे ठिपके. लाल समुद्रात चार. अकरा वाजता हरण्यानं प्रियदर्शिनीचं ॲप बांधून दिलं, बांड्यानं तपासलं, आणि दुपारी तिचा फोन आला की फोनच्या कंपनीची मंजुरी मिळाली, नवं ॲप पोरांच्या फोनवर उतरतंय. ती नुसती "थँक्यू, थँक्यू" म्हणत राहिली. उदय म्हणाला, "मला नको म्हणू. पोळ्याला म्हण." तिला काही कळलं नाही, पण तिनं पोळ्यालाही थँक्यू म्हटलं.

राहिली ब्याण्णव. ती लांबून उठवता येत नव्हती. साध्या क्लाउडमध्ये बिघडलेलं पुसून नवं उभं करता येतं, इथं प्रत्येक यंत्राला हातच लावावा लागतो. चांगल्या यंत्राची वायर बिघडलेल्याच्या एका ठरावीक भोकात खुपसायची, बटण दाबून धरायचं, धरूनच वीज द्यायची, दहा मोजायचे, सोडायचं. सेकंद इकडंतिकडं झाला की पुन्हा पहिल्यापासून. उदयचं पहिलं यंत्र सातव्या प्रयत्नात उठलं. भामाबाईंचं पहिल्याच.

"द्या इकडं," त्या म्हणाल्या. "तुमी आपले मोजा."

पण उदयला धड मोजताही येईना. घाबरलेला माणूस सहालाच दहा म्हणतो. दुपारी हणमंतराव डबा घेऊन आले, दाराशी उभं राहून हा सगळा तमाशा पाहिला आणि म्हणाले, "काय करलालाव रे बाबा हे? सरका. ड्रायव्हरला बस मागं घेताना चाळीस वर्षं आवाज दिलाय मी." आणि त्या गार खोलीत, बायकोची शाल पांघरून, त्यांनी तेलुगूत मोजायला सुरुवात केली: ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. घड्याळानं लाजावं असा ताल. तीन दिवस हे असं चाललं. बायको बटण दाबतेय, नवरा आकडे म्हणतोय, आणि बिल्डिंगीत बातमी की बिरादार नवराबायकोनं कुठं तरी संगीताचा क्लास लावलाय. बुधवारी संध्याकाळी शहाण्णवावा ठिपका हिरवा झाला तेव्हा हणमंतरावांचा घसा बसला होता. त्रिवेणीबाईंनी ती शांतता चांगले चार दिवस उपभोगली.

गुरुवारी उदयनं भामाबाईंना बसवलं. समोर छापलेला एक कागद होता.

"आमच्याकडे असं काही घडलं की काय झालं ते लिहून सगळ्या ग्राहकांना पाठवतात, काकू. पण त्यात कुणाला दोष देत नाहीत. कुणाचं नावही नसतं. चूक कशी झाली एवढंच."

"नाव नसतं? मग सही कोण करतं?"

"कुणीच नाही."

"आन् मग आधी मला रागवा तरी."

"काय?"

"न विचारता चार यंत्रं बंद केली मी. नसता झाला हा गोंधळ, तर चुकलंच होतं ना ते? तुमी तीन दिवस झाले आभारच मानताय. मला झोप येत नाही. आधी रागवा, मग आभार माना. जे पहिलं यायचं ते पहिलं येऊ द्या."

उदयनं ज्योतीकडं पाहिलं. ज्योतीनं खिडकीबाहेर पाहिलं. उदयनं घसा साफ केला. "काकू... पुन्हा असं... म्हणजे, यंत्र बंद करायच्या आधी जरा... एक मेसेज टाकला असतात तर..."

"हे रागावणं झालं? आमचा फोरमन ऐकला असता तर रडला असता."

शेवटी भामाबाईंनी कागद ओढून घेतला आणि पेननं स्वतःच लिहिलं: 'शनिवारी चार यंत्रं न विचारता बंद केली. भामा हणमंतराव बिरादार.' सही केली आणि पेन उदयपुढं सरकवलं. मग त्यानं खाली लिहिलं: 'ब्याण्णव यंत्रांवर एकाच दिवशी हुकूम सोडला, घंटा बंद ठेवली, चार यंत्रं उत्तर देत नाहीत हे दिसूनही सोमवारी बघू म्हटलं.' आणि सही. लिहून झाल्यावर त्याचा चेहरा असा हलका झाला, की ज्योती म्हणाली, "अरे, हे बरं आहे. माझीही एखादी चूक काढा."

"झालं," भामाबाई म्हणाल्या. "आता माना आभार."

उदयनं कागद उलटला. मागच्या बाजूला, पुढं असं होऊ नये म्हणून काय करायचं, ते होतं. त्यानं वाचून दाखवलं. लांबून चालणारे प्लग येणारच, कारण यंत्र कुणी बंद केलं हे कळायला हवं. पण इथून पुढं प्रत्येक बदलाच्या आधी चार यंत्रं पूर्ण बंद, वायरी काढून. बाकीची नीट उभी राहिली की मगच त्या चारांची पाळी. कोणती चार, हे हुकूम ठरवणार नाही. यंत्रांची देखभाल ज्यांच्याकडे आहे, त्या भामा बिरादार ठरवतील. त्यांचं 'हो' आल्याशिवाय एकाही यंत्राला हात लागणार नाही.

"बदल किती दिवसांनी असतात?" भामाबाईंनी विचारलं.

"दर आठवड्याला काही ना काही असतं."

"म्हणजे मी..."

"म्हणजे तुम्ही रोज साडेनऊला यायचं. हात फिरवल्याशिवाय कळणार कसं, कुणाला विसावा हवाय ते? मी चुकलो होतो, काकू. मला वाटलं होतं, तुम्हाला त्रास होतोय."

पदर डोळ्यांना लावायच्या ऐवजी भामाबाईंनी चष्माच पुसायला घेतला, स्वच्छ होता तरी. ज्योतीनं पाण्याचा ग्लास पुढं केला. बाहेर गल्लीत कुणीतरी स्कूटरचा हॉर्न वाजवत होतं.

"उद्या बदल आहे का?" शेवटी त्यांनी विचारलं.

"आहे. छोटासाच."

"मग त्या चार म्हाताऱ्यांना उद्या नाही सोडायचं. ते सोकावतील." त्या उठल्या, स्वेटरची बटणं लावली. "मांडणी सातमध्ये तांब्या नावाचा एक हाय, तो दोन दिवसांपासून गरम लागतोय. त्याला सोडू. आन् त्याच्या बाजूच्या दोघी. चौथं कोण ते बघून सांगते."

आणि त्या बघायला आत गेल्या.